दोन ‘ओ’च्या ‘टू’त दडलेला ‘नाही’



या सदरात आपण दर आठवड्याला कपाशीवरची बोंडअळी, सोयाबीनची मळणी, हरभऱ्याची पेरणी असल्या गोष्टी बोलतो. आज मात्र मी इंग्रजी व्याकरणाचा एक धडा घेऊन आलो आहे. ‘साहेबांना काय झालं?’ असे काहीजण म्हणतील. म्हणू द्या. पण शेवटपर्यंत वाचा. घरात आठवी-दहावीची मुलगी असेल तर तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि चुलीपाशी बसलेल्या तिच्या आईच्या कानावरही जाऊ द्या. कारण धडा त्या आईविषयीच आहे.

बाईला काय करता येते, काय करता येत नाही आणि एखादी गोष्ट कशासाठी केली, हे इंग्रजी वाक्यात कसे सांगतात, एवढाच आजचा विषय. आता इंग्रजीशी आपला संबंध काय, असे म्हणायची सोय राहिलेली नाही. औषधाच्या डब्यावरची चिठ्ठी, दवाखान्याचा कागद, बँकेचा अर्ज, विम्याच्या अटी असे किती तरी कागद इंग्रजीत येतात. त्यावर अंगठा किंवा सही मात्र आपली असते.

आधी माझीच फजिती सांगतो. मी खेड्यातल्या मराठी शाळेत शिकलो. पाचवीत गेल्यावर ए-बी-सी-डी हातात आली. पुढे परभणीला बी.एस्सी. ॲग्रिकल्चरला गेलो, तर सगळे शिकवणे इंग्रजीत. एके दिवशी मशागतीच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिले, ‘द सॉइल इज टू वेट टु प्लाऊ.’ आणि नेमके मलाच उठवले. एका ‘ओ’चा ‘टु’ आणि दोन ‘ओ’चा ‘टू’ वेगळे, एवढे मला ठाऊक होते. दोन ‘ओ’च्या ‘टू’चा अर्थ ‘सुद्धा’, असे शाळेत पाठ केलेले. मी छातीठोकपणे सांगितले, ‘‘जमीन ओलीसुद्धा आहे, नांगरायला घ्या.’’ सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘तुझे वडील ओल्या रानात नांगर घालतात का रे?’’

‘‘नाही सर, वाफशाची वाट बघतात.’’

‘‘मग हे वाक्य तरी दुसरं काय सांगतंय? जमीन इतकी ओली आहे की नांगरता येत नाही. या वाक्यात ‘नॉट’ कुठंच दिसत नाही, पण ‘नाही’ आत बसलेला आहे.’’

तो बसलेला ‘नाही’ मी त्या दिवशी शिकलो. पण तो न दिसल्यामुळे एखाद्या घरावर काय वेळ येऊ शकते, हे कळायला गेल्या वर्षीचा दसरा यावा लागला.

आपल्या जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली एक वस्ती. गावाचे आणि माणसांचे नाव लिहीत नाही. घरची तीन एकर कोरडवाहू जमीन, आणि दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायको दोघे ऊसतोडीला जाणारे. मी कपाशीतले कामगंध सापळे बघायला गेलो होतो. बांधावरून परत फिरलो तेव्हा घरापुढे दोन शेळ्या दावणीतून सोडून बाजारासाठी वेगळ्या बांधलेल्या दिसल्या. दोन्ही गाभण. मी विचारले, ‘‘गाभण शेळ्या का विकता हो?’’

‘‘साहेब, घरातलीचं आपरेशन करायचंय. पिशवी काढायचीय. मुकादमाची उचल घेतलेली हाय. आत्ता केलं तर महिनाभर निजून दिवाळीनंतर कोयता धरता येईल.’’

दवाखान्याचा कागद माझ्यापुढे आला. त्यांचा पुतण्या बारावी झालेला. त्याने कागद वाचून घरात अर्थ सांगितला होता, ‘अशक्तपणासुद्धा आहे, आणि ऑपरेशन करायचं आहे.’ मी कागद हातात घेतला. पण चष्मा गाडीच्या डिकीत राहिलेला. म्हणून दहावीत शिकणाऱ्या त्यांच्या लेकीला म्हणालो, ‘‘बाळ, तूच वाच.’’ ती अडखळत वाचू लागली. ‘पेशंट इज टू ॲनिमिक टु अंडरगो सर्जरी ॲट प्रेझेंट. आयर्न टॅब्लेट्स. टु कम आफ्टर वन मंथ सो दॅट शी कॅन बी री-एक्झामिन्ड.’

‘शी’ ऐकून तिची आई दारातून हसली. ‘‘शी काय म्हणतेय गं मला?’’

‘‘शी म्हणजे ती, आई. म्हणजे तूच.’’

आणि मग पोर थबकली. वहीतली एक खूण आठवावी तशी म्हणाली, ‘‘काका, आमच्या बाईंनी ‘रिमूव्ह टू’ शिकवलंय. डबल ओ टू काढला की तिथं ‘सो’ येतं. पुढच्या टु च्या जागी ‘दॅट’ येतं. आणि दॅटच्या मागं ‘कॅनॉट’ येतं. मग इथं कॅनॉट आलं की! आईला ऑपरेशन करता येत नाही असंच लिहिलंय की!’’

मी गाडीकडे जाऊन चष्मा आणला आणि कागद दोनदा वाचला. पोरीचे बरोबर होते. डॉक्टरांनी लिहिले होते की रक्त इतके कमी आहे की सध्या शस्त्रक्रिया करता येणार नाही. लोहाच्या गोळ्या घ्या आणि महिन्याने पुन्हा तपासायला या. गर्भपिशवी काढा असे त्या कागदात कुठेच नव्हते. ते तोंडी कुणी, कुठे सांगितले, की शेजारपाजारच्या बायकांचे बघून घरातच ठरले, हे मी विचारत बसलो नाही. पण दोन दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी जाऊन ऑपरेशन उरकायचे ठरलेले होते.

पुढचे शेवटी सांगतो. आधी धडा पुरा करू.

आपल्या मराठीत ‘जमणे’ सांगायच्या किती तऱ्हा आहेत बघा. ‘तिला ट्रॅक्टर चालवता येतो’, म्हणजे ती शिकलेली आहे. ‘ती पन्नास किलोचे पोते उचलू शकते’, म्हणजे तिच्यात ताकद आहे. ‘तिच्याने आता वाकवत नाही’, म्हणजे अंग साथ देत नाही. ‘तिला बँकेत खाते उघडता येईल’, म्हणजे नियमाची आडकाठी नाही. चार वेगळ्या गोष्टी आणि चार वेगळ्या तऱ्हा. इंग्रजी या चारही ठिकाणी बहुधा एकच शब्द वापरते, ‘कॅन’. शी कॅन ड्राइव्ह, शी कॅन लिफ्ट, शी कॅनॉट बेंड, शी कॅन ओपन ॲन अकाउंट. म्हणून ‘कॅन’ दिसला की थांबायचे आणि स्वतःला विचारायचे, ही शिकलेली कला आहे, अंगातली ताकद आहे, की कायद्याची परवानगी आहे?

‘कॅन’चा भाऊ ‘मे’. अर्जात आणि नियमात तो फार येतो. ‘शी मे अप्लाय’ म्हणजे तिला अर्ज करायची मुभा आहे. पण ‘द बँक मे गिव्ह अ लोन’ म्हणजे बँक कर्ज देईलच असे नाही. देऊ शकेल, तिची मर्जी. ‘द बँक विल गिव्ह’ असते तर गोष्ट निराळी. ‘मे’वर विसंबून कुणी म्हैस ठरवून येऊ नये.

मागच्या काळाचे बोलताना ‘कुड’ येतो. ‘शी कुड कॅरी टू पॉट्स’ म्हणजे एके काळी ती दोन घागरी आणू शकत असे. (हा आणखी तिसरा टू, आकड्यातला. कानाला सगळे सारखेच लागतात, म्हणून इंग्रजी डोळ्यांनी वाचावी.) पण काल एकदाच अडलेला पंप तिने कसाबसा सुरू केला असेल, तर ‘शी वॉज एबल टु स्टार्ट द पंप.’ नेहमीची क्षमता ‘कुड’ने सांगतात आणि एकदाचे साधलेले काम ‘वॉज एबल टु’ने. आपण म्हणतो ना, ‘एकदाचं जमलं बाई’, तेच हे.

आता दोन ‘ओ’चा ‘टू’. या रचनेत त्याची जोडी एका ‘ओ’च्या ‘टु’शी असते, आणि दोघांच्या मध्ये एक गुण बसतो. ‘शी इज टू टायर्ड टु ईट.’ ती इतकी थकली आहे की तिला जेवण जात नाही. ‘द विंड इज टू स्ट्राँग टु स्प्रे.’ वारा इतका जोराचा आहे की फवारता येत नाही. हे वाक्य मी मुद्दाम घेतले. २०२३ साली केंद्र सरकारने बचत गटांसाठी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. खेड्यातल्या बायका ड्रोनने फवारणी करायला शिकू लागल्या. उद्या तुमची सून ते शिकली तर असलेच वाक्य तिच्या वाचनात येईल. ‘वारासुद्धा जोराचा आहे, फवारा’ असा अर्थ लावला तर औषध शेजाऱ्याच्या रानात आणि तिच्याच नाकातोंडात.

आणखी एक वाक्य प्रत्येक आईबापाने भिंतीवर लिहून ठेवावे. ‘शी इज टू यंग टु मॅरी.’ मुलगी इतकी लहान आहे की लग्न करता येत नाही. तोडीला जाताना जोडी हवी, पोरीला मागे कुणाजवळ ठेवायचे, या काळजीने आपल्या भागात पोरींची लग्ने अठराच्या आत उरकली जातात. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. या वाक्यातला ‘नाही’ इंग्रजीत दडलेला असेल, कायद्यात दडलेला नाही.

‘टू’च्या उलटा शब्द ‘इनफ’, म्हणजे पुरेसा. ‘शी इज स्ट्राँग इनफ टु वर्क.’ काम करण्याइतकी ती धट्टीकट्टी आहे. ‘टू’ गुणाच्या आधी येतो आणि ‘नाही’ सांगतो. ‘इनफ’ गुणाच्या नंतर येतो आणि ‘होय’ सांगतो. एवढे लक्षात ठेवले तरी निम्मे काम झाले.

यात एक छोटासा शब्द घातला की वाक्य कसे बदलते बघा. ‘द सिकल इज लाइट इनफ फॉर हर टु यूज ऑल डे.’ विळा इतका हलका आहे की तिला तो दिवसभर वापरता येतो. इथे ‘फॉर हर’ आले, म्हणजे माप तिच्या हाताचे धरले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला दातेरी ‘वैभव’ विळा आपल्याकडेही पोहोचला. तो हलका, त्याला वरचेवर धार लावावी लागत नाही. अवजार घेताना दुकानदाराला हेच वाक्य मराठीत विचारावे, ‘हे तिला झेपेल का?’ नुसते ‘चांगले आहे का?’ असे विचारू नये. खुरपणी, वेचणी, कापणी ही कामे घरात बहुतेक तीच करते. मग माप दुसऱ्याच्या हाताचे कशाला?

आता ‘कशासाठी’ हे सांगायची रीत. मराठीत आपण ‘पेरायला गेली’, ‘पेरणीसाठी गेली’, ‘पेरणी व्हावी म्हणून गेली’ असे म्हणतो. इंग्रजीत साधी रीत एका ‘ओ’च्या ‘टु’ची. ‘शी वेंट टु द फील्ड टु सो.’ यातला पहिला ‘टु’ जागा सांगतो, रानाकडे. दुसरा हेतू सांगतो, पेरायला. हेतू ठासून सांगायचा असेल तर ‘इन ऑर्डर टु’. आणि हेतूमध्ये ‘जमणे’ही आणायचे असेल तर ‘सो दॅट’, आणि मागे ‘कॅन’ किंवा ‘कुड’.

इथे फार जण घसरतात. ही दोन वाक्ये बघा.

‘शी वर्क्ड सो हार्ड दॅट शी फेल इल.’ तिने इतके कष्ट केले की ती आजारी पडली.

‘शी वर्क्ड हार्ड सो दॅट हर डॉटर कुड स्टडी.’ मुलीला शिकता यावे म्हणून तिने कष्ट केले.

पहिल्या वाक्यात ‘सो’ आणि ‘दॅट’ लांब लांब बसले आहेत, मध्ये एक शब्द आहे. तिथे परिणाम सांगितला. आजारी पडावे असा तिचा हेतू नव्हता. दुसऱ्यात दोघे शेजारी बसले आणि पुढे ‘कुड’ आले. तिथे हेतू सांगितला. कष्ट दोन्हीकडे तिचेच. पण एका वाक्यात कष्टाचा शेवट आजारात आणि दुसऱ्यात लेकीच्या शाळेत.

आता मुख्य गोष्ट. हेतूचे वाक्य वाचले की एक प्रश्न विचारायचाच, हेतू कुणाचा? ‘ती रानात पेरायला गेली’ यात जाणारी ती आणि हेतूही तिचा. पण बाईविषयीच्या पुष्कळ वाक्यांत करणारा एक, जिच्यावर होते ती दुसरी, आणि हेतू तिसऱ्याचाच असतो. वाक्य मात्र साळसूद दिसते.

माझ्याच खात्यातले उदाहरण देतो. यांत्रिकीकरणाच्या उप-अभियानात, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, महिला शेतकऱ्याला ५० टक्के अनुदान ठेवले गेले आणि इतर सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्के. सरकारचा हेतू असा की बाईला यंत्र घेता यावे. आता ही वाक्ये बघा. ‘द ट्रॅक्टर वॉज बॉट इन हर नेम सो दॅट शी कुड ड्राइव्ह इट.’ आणि ‘द ट्रॅक्टर वॉज बॉट इन हर नेम सो दॅट द फॅमिली कुड गेट मोअर सबसिडी.’ ट्रॅक्टर तोच, नाव तेच, कागदही तोच. पहिल्या वाक्यात चावी तिच्या हातात आहे, दुसऱ्यात नाही. वस्तीवर गेलो की मी अंदाज बांधतो, यातले कोणते वाक्य या घराला लागू पडते. घर फायद्यात राहिले याचे वाईट वाटत नाही. पण तिला एकदा तरी क्लच दाबून बघू द्यावा.

जमिनीचेही तसेच. १९९० च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला, आणि बऱ्याच गावांत शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. कायद्याचा हेतू स्पष्ट आहे. पण वाटणीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो तेव्हा तिने, आणि भावानेही, विचारावे की या सहीचा हेतू कुणाचा? तिने समजून-उमजून, आपल्या मनाने सोडले तर तो तिचा प्रश्न. न वाचता सही केली तर वाक्य दुसऱ्याचे झाले.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, असा बोभाटा झाला. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली गेली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. त्याच वर्षी जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची केली गेली.

ही शस्त्रक्रिया काही बायकांना खरोखर लागते. मोठी गाठ असेल, कर्करोगाची भीती असेल, रक्तस्राव कशानेच थांबत नसेल, तर डॉक्टर सांगतील तसे करावे. मी काही डॉक्टर नव्हे. पण या १३,८६१ जणींविषयी वाचताना मला तो व्याकरणाचा प्रश्न सुटत नाही. ‘शी वॉज ऑपरेटेड ऑन सो दॅट शी कुड वर्क विदाउट अ खाडा.’ खाडा न पडता तिला काम करता यावे म्हणून तिचे ऑपरेशन झाले. या वाक्यात कापणाऱ्याचे नाव नाही. हेतू कुणाचा तेही नाही. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की पैसे कापणारा मुकादम, अंगावरची उचल, पाचटाच्या कोपीत न्हाणीघर नसणे, हे सगळे त्या ‘सो दॅट’च्या मागे उभे आहे, आणि वाक्यात दिसते ती फक्त ‘शी’. जणू तिचाच हेतू होता.

आपल्या मराठीनेही यात हात धुऊन घेतलेच आहेत. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल कोयत्याची, हिशोब कोयत्याचा. तिचे नावही नाही आणि ‘ती’ही नाही. घरच्या शेतात ती पहाटेपासून राबते, पण कुणी विचारले तर आपण सांगतो, ‘मला मदत करते.’ वाक्याचा कर्ता आपण आणि ती मदतनीस. तेव्हा इंग्रजीलाच नावे ठेवण्यात अर्थ नाही. आपली वाक्येही एकदा तपासावीत.

तर कोणताही कागद आला, इंग्रजी असो की मराठी, त्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, कोण करू शकते असे लिहिले आहे? ‘शी कॅन एक्झामिन’ म्हणजे ती तपासू शकते. ‘शी कॅन बी एक्झामिन्ड’ म्हणजे तिला तपासता येईल. मधल्या ‘बी’ने करणारा बदलतो.

दुसरा, न दिसणारा ‘नाही’ कुठे आहे का? ‘टू’ आणि ‘टु’ची जोडी दिसली की दहावीच्या पोरीसारखे ‘टू’ काढून बघा. ‘कॅनॉट’ आपोआप बाहेर येईल. ‘अनफिट टु’, ‘अनेबल टु’ यांच्या पोटातही तोच आहे.

तिसरा, ‘टु’ किंवा ‘सो दॅट’च्या पुढचा हेतू कुणाचा?

आणि या तिन्हींच्या वर एक साधी गोष्ट. जिच्याविषयी कागद आहे, तिला तो तिच्या भाषेत वाचून दाखवा. दवाखान्यात ‘मला मराठीत सांगा’ असे म्हणायला लाजू नये. काय आजार आहे आणि उपचार कोणता, हे कळेल अशा भाषेत समजून घेण्याचा, आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा, रुग्णाला हक्क आहे. अंगठा उठवण्याआधी हे सगळे होऊ द्यावे.

आता त्या घराचे सांगायचे राहिले. त्या दिवशी शेळ्या पुन्हा दावणीला गेल्या. मी त्या वहिनींना आणि त्यांच्या मालकांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितले. सोबत पोर गेली. तिथल्या बाई डॉक्टरांनी नीट तपासले. अंगावरून जात होते त्याला जंतूंचा संसर्ग कारण होता, त्यावर औषध मिळाले. रक्त मात्र फारच कमी होते. बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ तरी हवे, यांचे सातावर आलेले. आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायकांचे रक्त कमी असल्याचे राष्ट्रीय पाहणीत आढळले आहे, त्यांतल्याच या एक. लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या चहासोबत घेऊ नयेत, लिंबूपाण्यासोबत घ्याव्यात, म्हणजे अंगी लागतात, एवढे मी माझ्या परीने सांगितले.

उचल फिटायची होती, म्हणून घरधनी तोडीला गेला. त्या गेल्या हंगामात घरीच राहिल्या. सोपे नव्हते. अर्धा कोयता म्हणून मुकादमाने पुष्कळ कुरकुर केली, आणि उचलीचा काही भाग यंदावर आला. पण दोन शेळ्यांना तीन पिले झाली, आणि पोर आईजवळ राहून परीक्षेला बसली. परवा वस्तीवर गेलो तेव्हा वहिनी कापूस वेचत होत्या. म्हणाल्या, ‘‘भाऊ, रक्त अकरावर आलंय. आता ते कॅनॉट गेलं का बघा.’’

मी म्हणालो, ‘‘ते बाई डॉक्टरांना विचारा. पण विचारताना लेकीला घेऊन जा.’’

यंदाच्या टोळ्या निघायला आता थोडेच दिवस उरले आहेत. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढवण्याआधी घरातले दवाखान्याचे कागद एकदा पोरीकडून वाचून घ्या. तिला नुसता दडलेला ‘नाही’ सापडला, तरी तिच्या इंग्रजीच्या शिकवणीचे पैसे फिटले असे समजा.

घरच्या अभ्यासाला तीन वाक्ये देतो. ‘टू’ काढून बघा. ‘द लोड इज टू हेवी टु लिफ्ट.’ ‘द वॉटर इज टू डर्टी टु ड्रिंक.’ ‘शी इज टू प्रेशस टु लूज.’ तिसऱ्याचा अर्थ घरधन्याने चुलीपाशी बसून मोठ्याने सांगावा.

पुढच्या आठवड्यात तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी बोलू. तोवर रामराम.